अमर नायक आणि विस्मृत निर्माते

सप्टेंबर १९८८मध्ये अमेरिकेतील चित्रकथांच्या वाचकांना एक विलक्षण कौल देण्यास सांगण्यात आले. बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन एका स्फोटात सापडला होता. तो जगावा की मरावा, हे वाचकांनीच ठरवायचे होते. त्यासाठी दूरध्वनीचे दोन क्रमांक छापण्यात आले. एक जीवनाचा, दुसरा मृत्यूचा. प्रत्येक वेळी ५० सेंट आकार पडे आणि मुदत अवघ्या दीड दिवसाची होती. मतमोजणी झाली तेव्हा जीवनाच्या बाजूने ५,२७१ आणि मृत्यूच्या बाजूने ५,३४३ मते पडली असल्याचे दिसून आले. ७२ मतांच्या फरकाने एका काल्पनिक मुलाला मृत्युदंड झाला. संपादकांनी निकाल शिरोधार्य मानला आणि त्याप्रमाणे अंक निघाला. पुढे २००५मध्ये हाच जेसन टॉड कथेत जिवंत होऊन परत आला. लोकमताने दिलेला देहान्ताचा निकाल व्यवसायाने सतरा वर्षांनी फिरविला.

या प्रसंगाची गंमत वाटणे साहजिक आहे; परंतु त्यात एक गंभीर गोष्टही दडलेली आहे. प्रकाशनसंस्थेने वाचकाला आपल्या पात्राच्या जीवनमरणाचा अधिकार देऊ केला आणि त्याचे पैसेही घेतले. एका प्रश्नावर मात्र वाचकाचे मत कधीच मागविले गेले नाही. ही पात्रे निर्माण कोणी केली, त्यांच्यापासून होणाऱ्या प्राप्तीत त्या निर्मात्यांचा वाटा किती, आणि अखेरीस ही पात्रे कोणाची, हा तो प्रश्न. जुन्या नायकांच्या पुनरुज्जीवनाचा हंगाम पुन्हा एकदा भरात आलेला असताना त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

हा हंगाम किती मोठा आहे, हे गेल्या काही वर्षांच्या घडामोडींवरून ध्यानात येते. जानेवारी २०२४मध्ये स्पायडरमॅनची एक नवी मालिका सुरू झाली. तिच्यातील पीटर पार्कर हा कॉलेजकुमार नसून दोन मुलांचा बाप आहे आणि त्याला अद्भुत शक्ती प्राप्त होते ती ऐन संसारात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या बॅटमॅनपाशी गडगंज संपत्ती नाही, वाडा नाही, नोकरचाकर नाहीत. तो एका शिक्षकाचा मुलगा आहे, त्याची आई हयात आहे आणि तो स्वतः अभियंता म्हणून काम करतो. जुलै २०२५मध्ये सुपरमॅन नव्या चित्रपटातून पुन्हा लोकांपुढे आला. १९३८मध्ये जन्मलेला सुपरमॅन, १९३९मधला बॅटमॅन आणि १९६२मधला स्पायडरमॅन अशा तिन्ही पिढ्यांचे नायक आजही बाजारात आहेत, आणि त्यांच्यावरून वाचकांमध्ये हिरिरीने वाद होत आहेत.

हे वाद पोरकट आहेत, असे म्हणून ते उडवून लावणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. वाद घालणारा वाचक आता शाळकरी राहिलेला नाही. तो नोकरीचाकरी करणारा, मुलाबाळांचा धनी असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या अंकात नायकाने कोणता शब्द दिला होता आणि आजच्या अंकात तो कसा मोडला, हे त्याला तोंडपाठ असते. नायकाच्या जन्मकथेचे निरनिराळे पाठ तो ताडून पाहतो, मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते याचा काथ्याकूट करतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताचे पाठभेद जुळविणाऱ्या पंडितांशी त्याची तुलना करण्याचे कारण नाही. पण मूळ वृत्ती त्याच जातीची आहे. आपल्याला प्रिय असलेली कथा कोणी वेडीवाकडी सांगू नये, ही ती वृत्ती होय. प्रश्न एवढाच की, या निष्ठेचा सारा भर पात्राच्या पोशाखावर आणि स्वभावावर खर्च व्हावा काय?

पुनर्जन्माची रीत

जुन्या नायकाला नवा जन्म देण्याची कला पहिल्यांदा कशी साधली, हे पाहणे उद्बोधक आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत अतिमानवांच्या कथांना ओहोटी लागली. १९५४मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात, असा आरोप एका पुस्तकातून केला. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कडक आचारसंहिता लादून घेतली. अशा पडत्या काळात १९५६मध्ये संपादक ज्यूलियस श्वार्ट्‌झ यांनी फ्लॅश या १९४०मधल्या वेगवान नायकाला पुन्हा उभे केले. त्यांनी जुन्याच माणसाला झाडूनपुसून पुढे आणले नाही. नाव तेच ठेवले. माणूस, पोशाख आणि कथा नवी घेतली. विशेष म्हणजे, हा नवा नायक बॅरी ॲलन पहिल्याच कथेत जुन्या फ्लॅशचा अंक वाचताना दाखविला आहे. नव्याने जुन्याचे ऋण मान्य करूनच कामाला सुरुवात केली.

पाच वर्षांनी, १९६१मध्ये, दोन्ही फ्लॅश एकाच कथेत एकमेकांना भेटले. ती कथा लिहिली गार्डनर फॉक्स यांनी, आणि १९४०चा मूळ फ्लॅश हाही चित्रकार हॅरी लँपर्ट यांच्या साथीने त्यांनीच निर्माण केला होता. ज्याने पहिल्याला जन्म दिला त्याच्याच हातून पहिल्या-दुसऱ्याची गाठ पडावी, हा योग दुर्मिळच म्हणावा लागेल. त्या कथेची गोडी आजही उतरलेली नाही. परंतु याच फॉक्स यांनी १९६८च्या सुमारास अन्य काही ज्येष्ठ लेखकांसह आरोग्यविम्यासारख्या साध्या सवलतींची मागणी केली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची कामे बंद झाली. जुन्या नायकाला मानाने परत बोलाविणाऱ्या संस्थेत जुन्या लेखकाला जागा उरली नव्हती. या व्यवसायाची मेख नेमकी येथे आहे.

पुनरुज्जीवनाचे दुसरे ठळक उदाहरण कॅप्टन अमेरिकाचे. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४१च्या आरंभी या नायकाला रंगविले ते पहिल्याच मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावताना. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. युद्धानंतर तो विस्मृतीत गेला. १९६४मध्ये स्टॅन ली आणि कर्बी यांनी त्याला परत आणले. इतकी वर्षे तो बर्फात गोठून पडला होता, असे त्यांनी सांगितले. क्लृप्ती साधी होती. पण तिच्यामुळे कथेला वजन आले. जागा झालेल्या या सैनिकाचे सोबती गेलेले होते, देश बदललेला होता आणि आपण मागे उरलो आहोत ही खंत त्याला बोचत होती. मध्ये गेलेला काळ त्या कथेने नाकारला नाही. उलट तोच तिचा विषय केला. खऱ्या पुनरुज्जीवनाचे लक्षण सांगायचे झाले तर ते हेच होय.

मराठी वाचकाला ही रीत अगदीच परकी नाही. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४मध्ये सुरू केलेल्या आणि १९९०पर्यंत चाललेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉक यांचा वेताळ मराठी घरांत पोचला. त्या काळातील कित्येक मुलांनी तो अंक भाड्याने आणून, शेजाऱ्याकडून मागून, प्रसंगी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचला. त्या वेताळाविषयी अरण्यातील लोकांची समजूत अशी की, हा अमर आहे. वस्तुस्थिती वाचकाला ठाऊक असे. वेताळ मरतो; त्याचा मुलगा पित्याचा मुखवटा चढवितो आणि व्रत पुढे चालू ठेवतो. अशा वीस पिढ्या होऊन गेल्या आणि कथेतला नायक एकविसावा. १९३६मध्ये सुचलेल्या या कल्पनेत मृत्यूही खरा आहे आणि वारसाही खरा आहे. अमेरिकेतील पुढच्या पुष्कळ नायकांना ही गोष्ट साधली नाही.

मृत्यूचा बाजार

त्यांना जे साधले ते १९९२मध्ये जगाने पाहिले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुपरमॅन मारला गेला. अंक काळ्या वेष्टनात बंद करून विकण्यात आला, वृत्तपत्रांनी बातम्या दिल्या, दुकानांपुढे रांगा लागल्या आणि लक्षावधी प्रती खपल्या. अनेकांनी तर एकेक प्रत वाचायला आणि बाकीच्या, पुढे किंमत चढेल या आशेने, कपाटात ठेवायला म्हणून घेतल्या. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परत आला. शोक आटोपला, आणि कपाटातील प्रतींना भाव आला नाही तो नाहीच. कारण जी वस्तू प्रत्येकाने जपून ठेवली ती दुर्मिळ कशी होणार? हा आणि असे इतर सट्टे अंगाशी आले, शेकडो दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६मध्ये मार्व्हलसारख्या बलाढ्य कंपनीला दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला.

मरण जसे बाजारी झाले, तसेच जगणेही. स्पायडरमॅनचे लग्न १९८७मध्ये मोठ्या थाटाने लागले होते. वीस वर्षांनी, २००७मध्ये सुरू झालेल्या कथानकात, सैतानाशी केलेल्या एका सौद्यात ते लग्न झालेच नव्हते असे ठरविण्यात आले. नायक प्रौढ झाला तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती त्यामागे होती. वाचकांचा संताप अनेक वर्षे निवला नाही. २०२४मधल्या संसारी पीटर पार्करचे जे स्वागत झाले, त्याचे रहस्य त्या संतापात आहे. नायकाबरोबर स्वतःही वयाने वाढलेल्या वाचकाला आपण जगलेली वर्षे कोणी खोडून टाकलेली आवडत नाहीत. त्याची ही तक्रार रास्त आहे. परंतु कथेतील वर्षे खोडली जाण्याचा इतका राग येणाऱ्या वाचकाने, प्रत्यक्षातील माणसांची वर्षे कशी खोडली गेली याकडेही पाहिले पाहिजे.

१३० डॉलरचा सौदा

क्लीव्हलँड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन तरुण स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. सुपरमॅन ही त्यांची कल्पना अनेकांनी नाकारली होती. अखेर १९३८मध्ये तेरा पानांचे १३० डॉलर त्यांच्या हाती पडले आणि त्याच व्यवहारात पात्रावरचे सारे हक्क प्रकाशकाकडे गेले. दोघांचेही वय तेव्हा तेवीस होते. पुढील काही वर्षांत सुपरमॅन रेडिओवर गेला, पडद्यावर गेला, खेळण्यांत आणि कपड्यांत गेला. दोघांनी १९४७मध्ये न्यायालयात धाव घेतली. तडजोडीत थोडी रक्कम पदरात पडली. पण काम गेले आणि अंकांवरची नावेही गेली. १९७५मध्ये सुपरमॅनच्या भव्य चित्रपटाच्या वार्ता येऊ लागल्या तेव्हा सीगल कॅलिफोर्नियात कारकुनी करीत होते आणि शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. मूर्ती देव्हाऱ्यात आणि पाथरवट पायरीवर, असा तो देखावा होता.

हा अपवाद असता तर दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. पण तीच तऱ्हा जागोजाग आढळते. कॅप्टन मार्व्हल हा १९४०मधला नायक सुपरमॅनची नक्कल आहे, असा दावा सुपरमॅनच्या प्रकाशकांनी गुदरला आणि बारा वर्षे खटला चालवून १९५३मध्ये तो बंद पाडला. १९७२मध्ये त्याच प्रकाशकांनी त्याचे हक्क घेऊन त्याचे पुनरुज्जीवन केले! मधल्या काळात ते नाव दुसऱ्या कंपनीने घेतले असल्यामुळे बिचाऱ्याला आपल्याच मासिकावर स्वतःचे नाव लावण्याची सोय राहिली नाही. ‘शझाम’ या मंत्राचेच शीर्षक करावे लागले. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या १९८६-८७मधील ‘वॉचमेन’ची कथाही मासलेवाईक आहे. प्रकाशकाने पुस्तकाचा वापर थांबविला की हक्क निर्मात्यांकडे परत जातील, असे कलम करारात होते. ते औदार्याचे वाटले. पुस्तक इतके खपले की त्याचे मुद्रण कधी थांबलेच नाही, आणि हक्क कधी परत आलेच नाहीत. यशस्वी होण्याची शिक्षा इतक्या सभ्यपणे क्वचितच कोणाला दिली गेली असेल. पुढे २०१२मध्ये त्याच पात्रांच्या पूर्वकथा मूर यांचा विरोध डावलून काढण्यात आल्या.

प्रकाशकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, करार उघड होता, पैसे ठरल्याप्रमाणे दिले गेले आणि नुकसानीचा धोका आम्ही पत्करला. शेकडो चित्रकथा आल्या तशा गेल्या. त्यांचे नुकसान कोणी वाटून घेतले नाही. शिवाय आज ज्याला लोक सुपरमॅन म्हणतात तो केवळ दोघांचा नाही. पहिल्या अंकातला सुपरमॅन उडतही नव्हता, नुसत्या उंच उड्या मारीत असे. त्याला उडविले, त्याचे शत्रू रंगविले, त्याचे गाव वसविले ते नंतरच्या अनेक हातांनी. या युक्तिवादात तथ्य आहे. चित्रकथा ही सामुदायिक कला आहे आणि तिच्यात एकट्याच्या मालकीची भाषा टिकत नाही. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष प्रकाशकांना सोयीचा नाही. पात्र जर अनेकांच्या श्रमाने घडले असेल, तर त्याचे सारे फळ एकाच तिजोरीत का जावे? उडविणाऱ्याचा वाटा मान्य करायचा तर उडी मारायला शिकविणाऱ्याचा नाकारता येत नाही. आणि अंकावर नाव छापायला तर पैसाही पडत नाही. तरीही ते नाव मिळविण्यासाठी माणसांचे उभे आयुष्य गेले, हे कोणत्या धोक्याचे मोल होते?

वाचकांची स्मरणशक्ती

येथेच चाहत्यांच्या निष्ठेचा प्रश्न निर्णायक ठरतो. कायद्याने जे दिले नाही, ते पुष्कळदा वाचकांच्या आणि व्यवसायबंधूंच्या आठवणीने मिळवून दिले आहे. १९७५मध्ये सीगल यांनी आपली कैफियत वृत्तपत्रांकडे धाडली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी ती उचलून धरली आणि लोकमत खवळले. चित्रपटाच्या तोंडावर ही नाचक्की कंपनीला परवडणारी नव्हती. त्या वर्षाच्या डिसेंबरात दोघांना प्रत्येकी वार्षिक २० हजार डॉलर देण्याचे ठरले आणि त्यांची नावे सुपरमॅनच्या जोडीला परत आली. कायद्याने हे देणे लागत नव्हते. लाज मात्र लागत होती, आणि ती लाज वाटायला लावणारे लोक जागे होते.

बॅटमॅनची कथा याहून करुण आणि याहून बोलकी आहे. सात दशकांहून अधिक काळ त्याचा निर्माता म्हणून एकट्या बॉब केन यांचे नाव छापले जात होते. बॅटमॅनचा वेश, त्याची काळोखी नगरी, त्याचा पूर्वेतिहास आणि असंख्य कथा ज्यांनी घडविल्या ते लेखक बिल फिंगर मात्र पडद्याआडच राहिले. १९६५मध्ये जेरी बेल्स या हौशी अभ्यासकाने फिंगर यांना गाठले, त्यांच्याकडून माहिती घेतली आणि चाहत्यांच्या एका छोट्या चक्रमुद्रित नियतकालिकातून खरी हकीकत प्रसिद्ध केली. केन यांनी ती संतापून नाकारली. फिंगर १९७४मध्ये हलाखीत वारले. पण बेल्स यांनी लावलेली ती वात विझली नाही. एका पिढीच्या वाचकांनी ती पुढच्या पिढीच्या हाती दिली. मार्क टायलर नोबलमन या लेखकाने जुने कागद धुंडाळून २०१२मध्ये फिंगर यांच्यावर पुस्तक लिहिले, त्यांची नात पुढे आली आणि सप्टेंबर २०१५मध्ये कंपनीने त्यांचे नाव देण्याचे मान्य केले. फिंगर यांच्या दृष्टीने हे बैल गेल्यावर झोपा करण्यासारखेच झाले. तरीही चक्रमुद्रित चार पानांनी एका महाकाय व्यवसायाला पन्नास वर्षांनी कबुली द्यायला लावली, हे विसरता येत नाही.

जॅक कर्बी यांच्या बाबतीतही हेच घडले. त्यांनी हाताने काढलेली मूळ चित्रे परत देण्यास कंपनी खळखळ करीत होती. वाचक आणि चित्रकार यांनी आवाज उठविला तेव्हा १९८७मध्ये त्यांतील काही भाग त्यांच्या हवाली झाला. कर्बी १९९४मध्ये वारले. त्यांच्या वारसांचा हक्काचा दावा खालच्या न्यायालयांत फेटाळला गेला; सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकावे की नाही याचा निर्णय होण्याच्या आधीच, सप्टेंबर २०१४मध्ये, तडजोड झाली. भारतातही २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटांचे गीतकार, संगीतकार आणि लेखक यांचा रॉयल्टीतील वाटा परस्पर लिहून घेण्यास आळा घालण्यात आला. निर्मात्याचा वाटा हा कोणाच्या कृपेचा विषय नसून हक्काचा आहे, हे तत्त्व देशोदेशी सावकाश का होईना, मान्य होत आहे.

उरतो तो अखेरचा प्रश्न, ही पात्रे कोणाची? अमेरिकेत जुन्या कृतींवरील कॉपीराइटची मुदत १९७६च्या कायद्याने ७५ वर्षांवर आणि १९९८च्या कायद्याने ९५ वर्षांवर नेली. त्या हिशेबाने १९२८मधला पहिला मिकी माऊस १ जानेवारी २०२४ रोजी सर्वांसाठी मोकळा झाला. सुपरमॅनचे मूळ रूप २०३४च्या आरंभी मोकळे होईल आणि बॅटमॅनचे त्यानंतर वर्षभराने. ही मुदत लेखकाच्या हितासाठी वाढविली असे सांगितले जाते; परंतु ज्या निर्मात्याने हक्क १३० डॉलरला विकून टाकले, त्याला या वाढीव वर्षांतून आपोआप काहीच मिळत नाही. तिचा लाभ झाला तो मुख्यतः विकत घेणाऱ्याला.

मुक्त झालेल्या पात्रांची विटंबना होईल, अशी भीती अनेक चाहते व्यक्त करतात. ती निराधार नाही. विनी द पू हे बालकांचे अस्वल मोकळे होताच २०२३मध्ये त्याच्यावर रक्तबंबाळ भयपट निघाला. पण टाकाऊ कृती विसरली जाण्याचा वेगही मोठा असतो. मराठी वाचकाने याचा प्रत्यय घेतलेला आहे. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ लिहिली, रणजित देसाईंनी ‘राधेय’ लिहिली. कर्ण तोच, पण माणूस निराळा. वि. स. खांडेकरांनी ययातीच्या आख्यानातून आपल्या काळाचा भोगवाद उभा केला, तर इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये त्याच महाभारतातील माणसांना चिकित्सकाच्या दृष्टीने तपासले. यांपैकी कोणालाही कोणत्या कंपनीचे संमतिपत्र आणावे लागले नाही. मधल्या शेकडो वर्षांत महाभारतावर सामान्य लेखनही भरपूर झाले. कर्णाचे त्याने काही बिघडले नाही. जे पात्र वाईट लेखकांच्या हातून सुटून चांगल्या लेखकाची वाट पाहू शकते, तेच खरे अमर.

म्हणून पुढच्या वेळी एखादा जुना नायक परत येत असल्याची घोषणा होईल, तेव्हा चाहत्यांनी पोशाखाच्या रंगाबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. मधल्या काळाचा हिशेब नव्या कथेत आहे, की ती वर्षे झालीच नाहीत असे भासविले आहे? मूळ निर्मात्यांची नावे पहिल्या पानावर आहेत काय? आणि त्यांच्या पदरात, निदान त्यांच्या वारसांच्या पदरात, काही पडते काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत अंक वाचू नये, असा याचा अर्थ नव्हे. वाचावा, आवडला तर डोक्यावर घ्यावा; पण विचारणे सोडू नये. १९८८मध्ये एका काल्पनिक मुलासाठी दहा हजारांवर मते पडली. त्या वेळी फिंगर यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती आणि बॅटमॅनच्या अंकावर त्यांचे नाव नव्हते. त्यासाठी दूरध्वनीचा कोणताही क्रमांक छापला गेला नव्हता. तो प्रश्न काही थोड्या वाचकांनी स्वतःहून विचारला, विचारीत राहिले, आणि अखेर त्याचे उत्तर मिळाले.